रविवार ते रविवार : मुलांचा वाद्यसराव आणि घरातला मोबाईल



गेल्या आगमनकाळात सकाळच्या मिस्सेला घडलेला प्रसंग तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. अर्पणगीताला आपल्या धर्मग्रामातील सहावीत शिकणारी एक मुलगी प्रथमच कीबोर्डवर बसली होती. पहिल्या दोन ओळी उत्तम गेल्या. तिसऱ्या ओळीपासून लोक मागे आणि कीबोर्ड पुढे असे झाले. लोक ओळीच्या शेवटी श्वास घेण्यास थांबत होते, कीबोर्ड थांबत नव्हता. दुसऱ्या कडव्याला गायकवृंदाने तिला गाठण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती घाबरली आणि हात उचलून गप्प बसली. बाकीचे गीत लोकांनी वाद्याविना पूर्ण केले.

मिस्सेनंतर तिची आई आम्हाला भेटली. ती म्हणाली, "फादर, मोबाईलवर तर तिला रोज तीन तारे मिळत होते."

यात मुलीची चूक नव्हती, आईचीही नव्हती. ते अ‍ॅप घेण्याचा सल्ला आम्हीच दिला होता. सुट्टीतल्या वर्गाच्या शेवटी पालकांसमोर उभे राहून आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले होते की आता घरी शिक्षक नसला तरी हरकत नाही, पडद्यावर वरून रंगीत पट्ट्या खाली येतात, ज्या पट्टीवर येतील ती दाबायची, बरोबर की चूक ते मोबाईलच सांगतो. मुलीने आम्ही सांगितले तसेच केले. म्हणून या विषयावर लिहिण्याचे ऋण आमच्याकडे होते, ते आज फेडत आहोत.

अडचण काय आहे ते आधी पाहू. आपल्या सभागृहातील वर्ग रविवारी एक तास चालतो. तेवढ्या वेळात शिक्षक दहा-बारा मुलांकडे पाहतात, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला जेमतेम पाच मिनिटे येतात. त्यानंतर सहा दिवस मूल एकटे असते. वाद्य खरे त्या सहा दिवसांत शिकले जाते, किंवा बिघडते.

पूर्वी हे सहा दिवस इतके एकटे नव्हते. उत्तन, डोंगरीसारख्या आपल्या गावांतील जुनी माणसे सांगतात की लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला संध्याकाळी ओटीवर बसून सराव करी, आणि चुकला की शेजारचा म्हातारा घरातूनच ओरडे. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासून प्रत्येक धर्मग्रामाच्या शाळेत मेस्त असे. तो मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवी, त्याच मुलांना मिस्सेत गायला-वाजवायला लावी, आणि आठवडाभर ती त्याच्याच नजरेखाली असत. अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक १९२७ साली माजोर्डा येथे जन्मले. त्यांचे वडील तेथील चर्चचे गायकवृंदप्रमुख होते आणि मुलाचे पहिले शिक्षकही तेच. पुढे मुंबईत आल्यावर त्यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधील गाण्यात त्यांचे नाव आले ते प्यारेलाल या शिष्याच्या कृतज्ञतेपोटी. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद कित्येक वर्षे अशा गोव्याच्या धर्मग्रामशाळांतून आलेल्या माणसांनी भरलेला होता. त्यांची शिकवण कडक होती, छडीही चालत असे. त्या छडीची आम्हाला आठवण येत नाही. परंतु चूक झाली त्याच क्षणी ती ऐकणारा एक कान घरात किंवा अंगणात हजर असे, एवढे मात्र खरे.

आज भाईंदरच्या किंवा मीरा रोडच्या सातव्या मजल्यावरील घरात तो कान कोठून आणायचा? वडील सकाळच्या लोकलने गेलेले, रात्री नवाला घरी येणार. आईला स्वर कळत नाहीत, आणि कळत नाहीत याचा तिला उगीच संकोच वाटतो. अशा वेळी यंत्राकडे हात जाणे स्वाभाविक आहे.

हा प्रश्न नवा नाही हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इटलीत आरेझोचा ग्विदो नावाचा बेनेडिक्टाईन संन्यासी मठातील मुलांना स्तोत्रगायन शिकवत असे. त्या काळी नवी चाल शिकायची तर दोनच मार्ग होते : गुरूच्या तोंडून ऐकणे, अथवा एका तारेच्या पेटीवर, मोनोकॉर्डवर, स्वर काढून त्याच्या मागे गाणे. दहा-दहा वर्षे गेली तरी मुलांना गुरूशिवाय एकही नवे स्तोत्र गाता येत नसे, अशी त्याची तक्रार होती. त्याने रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत पक्की केली आणि संत योहान बाप्तिस्ताच्या स्तोत्रातील ओळींच्या आरंभीची अक्षरे घेऊन स्वरांना नावे दिली. उत्, रे, मी, फा, सोल, ला ही ती नावे. आपली मुले आजही तीच म्हणतात, फक्त 'उत्' चे 'दो' झाले. आता एक-दोन वर्षांत मूल स्वतःच्या बळावर गाऊ लागते, असे तो आपल्या मित्राला पत्रात लिहितो. पोप योहान एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावले, आणि पूर्वी न ऐकलेली एक ओळ त्या पुस्तकातून स्वतः गाता येईपर्यंत पोप महाशय जागचे उठले नाहीत, असेही त्याने नमूद केले आहे.

म्हणजे मुलांनी गुरूच्या गैरहजेरीत शिकावे यासाठी साधन काढणारा हा माणूस आपल्याच ख्रिस्तसभेतला होता. परंतु त्याच पत्रात एक दुसरी गोष्ट आहे आणि आमचे सारे म्हणणे तिच्यावर उभे आहे. ग्विदो म्हणतो की मोनोकॉर्डच्या मागे गाणे ही नवशिक्याला चांगली रीत आहे, पण जो पुढे जाऊ इच्छितो त्याला अतिशय वाईट. कारण पेटी स्वर देते तोवर मूल बरोबर गाते, पेटी नेली की त्याच्यापाशी काहीच उरत नाही. मोठमोठे विद्वान या एकाच सवयीमुळे साधे गायकही होऊ शकले नाहीत, असे तो लिहितो. ते वाक्य वाचताना आम्हाला आमच्या सहावीतल्या मुलीची आठवण झाली. तिच्या पट्ट्या खाली येणे थांबले होते आणि समोर श्वास घेणारी माणसे होती.

आता मोबाईलचे अ‍ॅप काय करते ते पाहू. ते मायक्रोफोनमधून स्वर ऐकते, तो कोणता आहे आणि कोणत्या क्षणी वाजला एवढे ओळखते आणि गुण देते. नवशिक्याला एवढेही पुष्कळ आहे. पण मनगट वाकडे आहे, खांदा वर चढला आहे, व्हायोलिनचा गज पुलाकडे सरकतो आहे, मूल श्वास रोखून वाजवते आहे, यातले काहीच ते पाहत नाही. आणि मुख्य म्हणजे बरोबर की चूक हा निवाडा ते स्वतःकडे ठेवते. मूल पडद्याकडे पाहते, कानाकडे लक्ष देत नाही. एका पालकांनी तर सांगितले की त्यांच्याकडे कुकरच्या शिट्टीलाही एकदा गुण मिळाले!

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही अ‍ॅरिस्टॉटल शिकलो तेव्हा त्याचे एक उदाहरण सोपे वाटून सोडून दिले होते. माणूस तंतुवाद्य वाजवून वादक होतो, असे तो नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात म्हणतो. हे सर्वांना पाठ असते. त्याच्या पुढचे फारसे कोणी सांगत नाही : त्याच वाजवण्यातून चांगला वादक होतो आणि वाईट वादकही होतो. रोज अर्धा तास चुकीचे वाजवणाऱ्या मुलाची चूक रोज अर्धा तास पक्की होत जाते. म्हणून "आज किती वेळ वाजवलेस?" हा आपला नेहमीचा प्रश्न अपुरा आहे.

मग मोबाईल बाजूला ठेवावा काय? आम्ही तसे म्हणत नाही. त्याच मोबाईलमध्ये एक असे साधन आहे ज्याला पैसे पडत नाहीत आणि जे निवाडा मुलाकडे परत देते. ते म्हणजे ध्वनिमुद्रण.

वाजवताना मुलाचे लक्ष बोटांत, पुस्तकात, तालात वाटलेले असते. स्वतःचा आवाज त्याला पूर्ण ऐकूच येत नाही. एक-दीड मिनिटाचा तुकडा मुद्रित करून, पाणी पिऊन येऊन, मग पुस्तक हातात घेऊन शांतपणे ऐकला की तेच मूल थक्क होते. "इथे मी घाई करतो," हे वाक्य आम्ही नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकले आहे. शिक्षकांनी तेच त्याला महिनाभर सांगितले होते. ऐकताना हातात पेन्सिल असावी आणि जेथे अडले तेथे पुस्तकात बारीक खूण करावी. मग पुन्हा संपूर्ण गीत वाजवू नये, खूण केलेल्या जागेच्या आधीचा एक आणि नंतरचा एक माप घेऊन तेवढाच भाग सावकाश वाजवावा. आठवड्यातून तीन वेळा हे झाले तरी पुरे. मोबाईल वाद्यापासून पाच-सहा फूट लांब ठेवावा, अगदी जवळ ठेवल्यास आवाज फाटतो. एक सावधगिरी : पुष्कळ मोबाईल हळू आणि जोरातल्या आवाजातला फरक आपोआप पुसून टाकतात. त्यामुळे ताल, स्वर आणि अडखळणे यांचा न्याय मुद्रणावरून करता येतो, हळुवारपणाचा करता येत नाही. तो रविवारी शिक्षकांसमोरच करावा.

हे आम्हाला सुचले ते टाळेबंदीमुळे. २०२० साली चर्चची दारे बंद होती आणि वर्ग मोबाईलवर चालत होते, तेव्हा शिक्षक आणि मूल यांना एकत्र वाजवता येत नसे. इंटरनेटवरून आवाज पोहोचण्यास थोडा उशीर होतो, आणि तेवढा उशीर तालाचा घात करण्यास पुरेसा असतो. शिवाय ही साधने माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असल्याने व्हायोलिनचा लांब स्वर त्यांना गोंगाट वाटे आणि मध्येच गिळला जाई. (झूममध्ये मूळ आवाज तसाच पाठवण्याची सोय आहे, ती चालू करावी लागते. आमच्या लक्षात हे सहा महिन्यांनी आले.) शेवटी शिक्षकांनी मुलांना सांगितले की घरीच मुद्रित करा आणि पाठवा. त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेज लंडननेही चित्रफीत पाठवून परीक्षा देण्याची पद्धत सुरू केली. परीक्षेसाठी सगळे एकाच दमात, न कापता मुद्रित करायचे होते. मुले एकच रचना पंधरा-वीस वेळा मुद्रित करत आणि त्यातली बरी निवडत. ही निवड करणे हेच त्यांचे खरे शिक्षण ठरले, कारण निवडण्यासाठी ऐकावे लागते. टाळेबंदी उठल्यावर आम्ही ती सवय मोडू दिली, ही आमची दुसरी चूक.

बाकीच्या साधनांविषयी थोडक्यात. मेट्रोनोम मोबाईलवर फुकट मिळतो. मूल ज्या गतीत एकही चूक न करता वाजवू शकते ती गती आधी शोधावी, ती साठ असो की चाळीस, आणि तेथून चार-चार ठोक्यांनी वर जावे. शेवटच्या दोन वेळा मात्र तो बंद करून वाजवावे, नाहीतर तोही मोनोकॉर्डच होतो. स्वर जुळवण्याचे साधन व्हायोलिन आणि गिटारच्या मुलांना फार उपयोगी आहे : ला हा स्वर ४४० वर लावावा, मोकळ्या तारा जुळवाव्यात आणि मोबाईल उलटा ठेवून द्यावा. लहान मुलांनी व्हायोलिनच्या खुंट्यांना हात लावू नये, खालच्या बारीक स्क्रूंनी जुळवावे. सर्वात बारीक तार किती लवकर तुटते हे आपल्या वर्गात सर्वांना ठाऊक आहे. यूट्यूबवर एखादी रचना पाऊण किंवा अर्ध्या गतीने ऐकण्याची सोय असते, तिचा लाभ घ्यावा. आपल्याकडे हार्मोनियम आणि गायन शिकणारी मुलेही आहेत, त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोबाईलवरही मिळतो. तानपुरा निवाडा करत नाही, तो फक्त षड्ज धरून बसतो आणि मुलाला स्वतः ऐकावे लागते. या बाबतीत आपले हिंदुस्थानी संगीतवाले बांधव आपल्या पुढे आहेत असे आम्हाला वाटते.

वर्गणी भरून घ्यायच्या अ‍ॅपसाठी कोणी घाई करू नये. तेवढ्याच पैशांत चांगला स्टँड किंवा नवी तार येते. कीबोर्ड घेताना पट्टी हळू दाबल्यास हळू आणि जोरात दाबल्यास जोरात वाजते का, एवढे दुकानात स्वतः पाहावे. तसे नसेल तर बोटे कधीच तयार होत नाहीत. त्यातली आपोआप साथ देणारी बटणे आणि पट्टी बदलणारे बटण सरावात बंद ठेवावे. शेजाऱ्यांची तक्रार येते, हे आम्हाला माहीत आहे. आपल्या सोसायट्यांच्या भिंती पातळ आहेत. कीबोर्डला कमी आवाजात हेडफोन लावता येतो, व्हायोलिनच्या पुलावर रबराचा म्यूट बसतो. तरी दिवसातली वीस मिनिटे, संध्याकाळच्या बऱ्या वेळी, उघड्या आवाजात वाजवू द्यावी आणि शेजाऱ्यांना आधी जाऊन सांगावे. नाताळचा फराळ देताना सांगितले तर क्वचितच कोणी नाही म्हणते. आणि सरावाच्या वेळी मोबाईल विमान-स्थितीत असावा. मध्येच क्रिकेटचा निकाल आला की ताल संपला!

दहा वर्षांखालील मुलांजवळ कोणीतरी बसावे लागते, तेथे पर्याय नाही. स्वर कळण्याची गरज नाही. "आज कुठे अडलास? तेवढेच मला दोनदा वाजवून दाखव," हे आजीही विचारू शकते. मुद्रण ऐकताना तिने शेजारी बसावे आणि काही बोलू नये. मूल स्वतःच बोलते.

काही जण विचारतील की देवाच्या कामात या यंत्रांचे काय काम? याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे. पोप पायस बारावे यांच्या काळात, ३ सप्टेंबर १९५८ रोजी, पवित्र संगीताविषयी एक सूचनापत्र निघाले. त्यात ग्रामोफोन, टेपरेकॉर्डर, आपोआप वाजणारे ऑर्गन यांना उपासनेत सक्त मनाई केली होती, आणि त्याच परिच्छेदात लोकांना पवित्र गायन शिकवण्यासाठी ही यंत्रे वापरण्यास मोकळीक दिली होती. शिकताना यंत्र चालेल, वेदीसमोर माणूसच हवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीच्या संविधानात संगीताच्या शिक्षणावर भर दिला आणि गाणाऱ्या मुलांना उपासनेचेही शिक्षण मिळावे असे म्हटले. १९६७ च्या सूचनापत्रात वाद्यवादकांनाही तेच सांगितले आहे. त्यांनी नुसते कौशल्याने वाजवू नये, उपासनेच्या अंतरंगात शिरावे. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात, २५ व्या अध्यायात, दावीदाने मंदिराच्या सेवेला नेमलेल्या तरबेज गायक-वादकांची संख्या २८८ दिली आहे, आणि त्यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून ठरवताना लहानमोठा, गुरू-शिष्य असा भेद केला नाही असे लिहिले आहे. शिष्यालाही पाळी मिळाली. चुकण्याची शक्यता धरूनच मिळाली असणार.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. नाताळनंतर दोन आठवडे ती वर्गाला आली नाही. मग वर्षानुवर्षे ऑर्गन वाजवणाऱ्या आपल्या आंटींनी एक युक्ती केली. त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेत शेवटच्या बाकावर बसून मोबाईलवर आपल्याच लोकांचे गायन मुद्रित केले. मध्ये कोणी खोकते, कोणाचे बाळ रडते, म्हातारी मंडळी ओळ ओढत नेतात, दुसऱ्या कडव्यात सगळे थोडे खाली उतरतात. ते मुद्रण त्यांनी मुलीला पाठवले आणि सांगितले, याच्याबरोबर वाजव. पहिल्या दिवशी तिला जमले नाही. लोक कोठे थांबतील हे पडद्यावर लिहिलेले नव्हते, ते ऐकावेच लागत होते. तीन-चार आठवड्यांनी तिने आईला सांगितले की कडव्याच्या शेवटी कोणीतरी एक काका सर्वांच्या आधी श्वास घेतात, त्यांच्यावरून तिला थांबायचे कळते. ते काका कोण ते आम्हाला माहीत आहे, पण नाव छापत नाही.

प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी ती पुन्हा अर्पणगीताला बसली. एका ठिकाणी चुकली, पण थांबली नाही.

वर्गातील सर्व पालकांना विनंती की येत्या रविवारी मिस्सेनंतर मुलांसोबत सभागृहात पंधरा मिनिटे थांबावे. आंटींनी मुद्रित केलेली सात गीते प्रत्येकाच्या मोबाईलवर देण्यात येतील. मुलांनी पुस्तक, वही आणि पेन्सिल आणावी. ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा दिवसा घरात नसतो, त्यांच्यासाठी बुधवारी व शुक्रवारी सायंकाळी सहा ते सात धर्मगुरुनिवासाच्या खालच्या खोलीत जुना टेपरेकॉर्डर आणि एक कीबोर्ड ठेवलेला असेल. टेप चालतो, आम्ही तपासून पाहिला आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू